दार पूर्वेलाच होतं

ही हकीकत सांगायची वेळ आली की मी काहीतरी काम काढून उठत आलो आहे. घरात कोणी मोबाईलवर रस्ता शोधू लागलं, नकाशावरचा तो निळा ठिपका भलतीकडे तोंड करून बसला आणि सून म्हणाली, "बाबा, तुम्ही भूगोलाचे ना, बघा बरं याला काय झालं," की मी मागच्या खोलीत जातो आणि तिथे काय करायचं ते मला सुचत नाही. तिला वाटतं, मला मोबाईलचं कळत नाही. मोबाईलच्या या एका गोष्टीतलं मला नको तितकं कळतं.

आर्वीला माझ्या धाकट्या बहिणीचं घर होतं. त्या घराचं गल्लीकडचं दार विटांनी बुजवलेलं आहे. गल्लीत त्याचं एक कारण सांगतात: समोर विधवा बाई राहायची, सकाळी दार उघडलं की तिचं तोंड दिसायला नको, म्हणून यांनी दार मागे नेलं. हे साफ खोटं आहे. माझी बहीण तशी नव्हती. ते दार माझ्या सांगण्यावरून बंद झालं, आणि मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. एवढंच सांगायचं होतं. इतकी वर्षं एवढं तोंडातून निघालं नाही, म्हणून आता सगळंच लिहून काढतो.

मी पुलगावच्या एका शाळेत भूगोल शिकवला. घर जवळच, नाचणगावात. शाळेत सगळ्या वर्गाला मिळून एकच होकायंत्र होतं, पितळी डबीचं. ते बाकावर ठेवलं की मुलांची रांग लागायची. निवृत्तीनंतर मुलाने मोबाईल घेऊन दिला आणि त्यात होकायंत्र आधीपासून आहे हे मला कळलं, तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. बोट लावलं की गोल तबकडी, अंश, दिशेचं नाव, सगळं मराठीत. मी ते बसस्टँडवर दाखवलं, लग्नात दाखवलं, बारशाला दाखवलं. मग लोकच विचारू लागले. गुरुजी, देवाचा कोपरा बरोबर आहे का? गुरुजी, खाट अशी ठेवली तर डोकं उत्तरेला तर येत नाही? वास्तुशास्त्रावर माझा विश्वास होता का, हे आजही मला नीट सांगता येणार नाही. विचारणाऱ्यांवर मात्र होता. निवृत्त माणसाला कोणी काही विचारलं की तो बोलवेल तिथे जातो.

एका हिवाळ्यात मी पुलगावच्या बाजारातून मोबाईलला एक कव्हर घेतलं. चॉकलेटी रंगाचं, पाकिटासारखं उघडणारं. झाकण मिटलं की टक् असा छान आवाज करून आपोआप चिकटायचं. बोलताना किंवा काही पाहताना झाकण उलटं वळवून मोबाईलच्या पाठीला लावायचं, तिथेही ते तसंच टक् करून बसायचं. मला तो आवाज आवडायचा.

संक्रांत होऊन गेल्यावर बहिणीचा फोन आला. भाऊजींचं ब्लडप्रेशर आटोक्यात येत नव्हतं, भाच्याची नोकरीची परीक्षा पुन्हा हुकली होती. कुठल्या तरी लग्नात तिला कोणी सांगितलं होतं की घराचं मुख्य दार एकदा तपासून घ्या.

"दादा, तुह्या मोबाईलात दिशा दिसते म्हने. येऊन पाह्य ना एकदा," ती म्हणाली. "बाहेरच्या मानसाले काऊन बोलवू? घरचा गुरुजी असताना?"

घरचा गुरुजी दुसऱ्याच दिवशी एसटीने आर्वीला पोचला.

बहिणीचं घर एका ओळीतलं होतं, भिंतीला भिंत लागून. पुढे गल्ली, दाराबाहेर बसायला ओटा. मागे सांदवाडी, म्हणजे न्हाणी, मोरी आणि थोडी मोकळी जागा, आणि तिच्या मागे नालीचा बोळ. समोरचं घर ताईंचं. गल्लीत सगळेच त्यांना ताई म्हणत. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन परगावी, एकट्या राहत. एकट्या म्हणजे झोपण्यापुरत्या. बाकी दिवसभर त्या माझ्या बहिणीच्या ओट्यावर असायच्या, नाहीतर बहीण त्यांच्या. उन्हाळ्यात कुरड्या आणि पापड दोघींचे एकत्र. पीठ एकीकडे मळलं जायचं, वाळवण दुसरीकडे पडायचं, आणि डब्यात भरताना कोणाचं किती याचा हिशेब कोणी केला नाही. बहीण सवाष्ण, पण हळदीकुंकवाच्या दिवशी पहिलं वाण ती समोर नेऊन द्यायची. कोणी नाक मुरडलं की म्हणायची, "माहं हळदीकुंकू आहे, मी पाह्यतो कोनाले द्याचं ते." आमच्याकडे बायकाही 'मी पाह्यतो' म्हणतात.

मी गेलो तेव्हा दोघी ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बहीण म्हणाली, आधी चहा घे. मी म्हणालो, चहा कुठे पळून राह्यला, आधी दार पाह्यतो. उंबरठ्यावर उभा राहिलो, घराकडे पाठ केली, कव्हरचं झाकण मागे वळवलं, टक्. तबकडी हलली, फिरली, थांबली. दक्षिण.

"दक्षिण आहे, बाई," मी म्हणालो.

बहिणीच्या हातातली शेंग हातातच राहिली. दक्षिणेचं दार म्हणजे यमाचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तरी ती म्हणाली, "दादा, पन सकाळचं ऊन तं दारातून येते ना. पार देवघरापर्यंत येते."

तेवढ्यात समोरच्या ताई हसल्या. "गुर्जी, हे दक्षिन होय म्हन्ता? मंग माह्या घरामागून रोज उगोते तो कोन होय जी?"

गल्लीतल्या आणखी दोघीतिघी तिथे होत्या, त्या खळखळून हसल्या. भाऊजीसुद्धा आतून हसले. मी सूर्याच्या अयनाबद्दल बोलायला सुरुवात केली. हिवाळ्यात सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे सरकून उगवतो, म्हणून ऊन दारातून येतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण तो किती सरकतो हेही मला ठाऊक होतं. पंचवीस अंशांच्या आसपास, त्याहून जास्त नाही. पूर्वेची दक्षिण होत नाही. हे मी फळ्यावर आकृती काढून वर्षानुवर्षे शिकवलं होतं, आणि त्या दिवशी त्याच आकृतीतला सोयीचा अर्धा भाग मी ओट्यावर खडूने काढून दाखवला.

"असन बाप्पा," ताई म्हणाल्या. "तुमच्या मोबाईलातला सूर्य शिकेल असन. आमचा अडानी हाय."

पुन्हा हशा. मी पुन्हा मोबाईल आडवा धरला. पुन्हा दक्षिण. तिसऱ्यांदा धरला. हवं तर तेव्हाच दोन पावलं मागे येऊन विचार करता आला असता. पण त्या हशानंतर माझी दिशा चुकणं शक्यच नव्हतं. बहिणीने हळूच विचारलं, "मंग काय कराचं दादा?" मी म्हणालो, दार मागे घे. सांदवाडीकडून ये-जा ठेव. तिने विचारलं, इथे निदान खिडकी ठेवू का, ओट्यावरचं दिसत राहील. मी म्हणालो, दक्षिणेला खिडकीही नको, करायचं तर पूर्ण करावं. हे वाक्य मी कुठून आणलं ते मला माहीत नाही. वास्तूच्या कुठल्या पुस्तकात मी ते वाचलेलं नव्हतं.

होळीच्या आधी दार बुजलं. चौकट काढून मागे बसवली. पुढच्या भिंतीत छताजवळ हवेपुरतं एक जाळीचं भोक राहिलं. ओटा राहिला, पण तिथे पोचायला आता घरातून रस्ता नव्हता. मागच्या दाराने निघायचं, नालीच्या बोळातून ओळीच्या टोकापर्यंत जायचं, पिठाच्या चक्कीला वळसा घालून गल्लीत शिरायचं, आणि मग स्वतःच्याच ओट्यावर येऊन बसायचं. दुखऱ्या गुडघ्यांची बाई हे किती दिवस करणार?

आधी मला वाटलं, दोघींची भेट कमी झाली ती या वळशामुळे. मग बहिणीचे फोन येऊ लागले.

"ताई बोलतच नाई माह्याशी. मी कुरड्याचं विचाराले गेलती, तं म्हने, माहं झालं करून. एकटीनं केल्या दादा! माह्याबिगर!"

"असंल काही कामात."

"कामात नाई. तोंड फिरवते. काऊन ते मले समजून नाई राह्यलं. मी काय केलं?"

काय केलं ते मला भाऊजींकडून कळलं. चक्कीवर ताई म्हणाल्या होत्या, "दार दक्षिनेचं आहे म्हने! लेकराले विचारा, सूर्य कुठून निघते ते सांगन. सांगाचंच होतं तं खरं सांगाचं, की सकाळी उठून तुमचं तोंड पाह्याचं नाई." पीठ घ्यायला आलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना ते पटलं. पटणारच. दार दक्षिणेला आहे यावर त्या गल्लीत एकाही माणसाचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. त्या दारातून येणारं ऊन सगळ्यांनी जन्मभर पाहिलं होतं. मग पोरगा नोकरीविना, नवरा आजारी, आणि समोर विधवा, या तीन गोष्टी लोकांनी आपल्या मनाने जोडल्या.

भाऊजींनी हे बहिणीला सांगितलं नव्हतं. "तिले सांगू नका," ते मला म्हणाले, "ती मरून जाईन लाजेनं." मीही सांगितलं नाही. मला वाटलं, चार दिवसांनी निवळेल. दिशा बरोबर आहे, ताईंचा गैरसमज आहे, असंच मी तोवर मानत होतो.

मेमध्ये एका संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर होतो. सूर्य मावळत होता. शेजाऱ्याला पाण्याची टाकी कुठे बसवावी हे सांगायला मी मोबाईल काढला, झाकण मागे वळवलं, आणि मावळतीकडे तोंड करून धरला. उत्तर. माझ्यासमोर लालभडक सूर्य आणि मोबाईल सांगतो उत्तर. मी शेजाऱ्याला म्हणालो, उद्या पाहू.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून हात शिवशिवतात. आधी मोबाईल बंद करून चालू केला. उत्तर. मग होकायंत्राखाली बारीक अक्षरांत सूचना आली की अचूकता कमी आहे, उपकरण आठच्या आकारात फिरवा. मी फिरवलं. दंडापासून मनगटापर्यंत जोर लावून फिरवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"हे काय आरती ओवाळून राह्यले का?"

"आठ काढतोय. सूचना आहे तशी."

"कोनाची सूचना?"

"मोबाईलची."

"मी सांगतलेलं एक काम होत नाई, अन् मोबाईलनं सांगतलं की नाचते मानूस," असं म्हणून ती आत गेली.

मी आपला मराठी आठ काढत होतो, वरून वळून खाली उघडा सुटणारा. बऱ्याच वेळाने त्या सूचनेखालचं चित्र दिसलं. तो इंग्रजी आठ होता, दोन बंद फेऱ्यांचा. मग तसा काढला. उभा काढला, आडवा काढला. सूचना गेली, अचूकता चांगली आहे असं हिरवं अक्षर आलं, आणि दिशा होती तीच. उत्तर. चूक असून वर आत्मविश्वास! असला राग मला वर्गातल्या कुठल्याही पोराचा आला नव्हता.

लोखंडी खाटेपासून दूर गेलो. हातातलं घड्याळ काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या. स्टीलच्या डब्यांची मांडणी नको म्हणून अंगणात, अंगणात विजेचा खांब नको म्हणून गावाबाहेर मोकळ्या वावरात. तिथे उन्हात उभा राहून आठ काढताना ओळखीचे लोक स्कूटर थांबवून विचारत, "काय गुर्जी, रेंज नाई का?" ते होकायंत्र काढून टाकून दुसरं घेतलं. ते जाहिराती दाखवून मग तेच सांगे. पुलगावच्या मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने मोबाईल उलटासुलटाही न करता सांगितलं, "आतला सेन्सर गेला, काका. नवा घेऊन टाका." मी त्याच्याशी भांडलो. त्याने दिशा या विषयावर आयुष्यात विचार केला नसेल, आणि मी त्याच्याशी दिशेवरून भांडलो.

मग एकदा गच्चीवर चहा सांडला. कपाला माझाच धक्का लागला. कव्हर भिजलं, म्हणून मोबाईल बाहेर काढला आणि कव्हर कठड्यावर वाळत घातलं. मोबाईल ठीक आहे का हे पाहायला सवयीने होकायंत्रच उघडलं. तबकडी सर्रकन वळली. आजूबाजूचं सगळं आपापल्या जागी आलं: वर्धा पूर्वेला, मावळती पश्चिमेला. मी ओलं कव्हर उचलून मोबाईलच्या पाठीशी नेलं. तबकडी फिरली. दूर नेलं. परत आली. झाकण मिटल्यावर टक् वाजायचं ते चुंबकामुळे. दोन छोटे चुंबक शिवलेले होते आत, आणि झाकण मागे वळवलं की ते नेमके मोबाईलच्या पाठीवर येऊन बसायचे.

सहावीला हा प्रयोग मी दरवर्षी घेत असे. होकायंत्र बाकावर, चुंबक हातात. जवळ न्या, दूर न्या. मग मुलांना वहीत लिहायला सांगायचो की होकायंत्राजवळ चुंबक ठेवू नये. परीक्षेत 'कारण द्या'मध्ये हा प्रश्न हमखास असायचा. ज्यांनी उत्तर लिहिलं नाही त्यांना मी उभं करत असे.

मी कव्हर कठड्यावरून खाली सांदवाडीत टाकलं. बायको म्हणाली, चांगलं होतं की. मला तेव्हा एवढंच आठवत होतं की ते कव्हर मी आर्वीला जाण्याआधीच्या बाजारात घेतलं होतं.

पुढच्याच एसटीने आर्वीला गेलो. बहिणीकडे न जाता आधी पुढच्या गल्लीत गेलो आणि बुजवलेल्या दाराला पाठ लावून, उघडा मोबाईल धरून उभा राहिलो. पूर्व. किंचित ईशान्येकडे झुकलेली, म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाखाली मी हे केलं होतं त्यातही उत्तमच. समोर ताई त्यांच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काय गुर्जी, अजून दिशा सापडून नाई राह्यली का?"

हीच वेळ होती. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं. दहा पावलं पुढे जायचं आणि सांगायचं. मी म्हणालो, "सापडली." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, पुढचं ऐकायला. मी मोबाईल खिशात घातला. त्या सूप घेऊन आत गेल्या.

वळसा घालून मागच्या दाराने बहिणीकडे पोचलो तर घरात पाटवड्यांचा वास. भाच्याला नोकरी लागली होती, त्याच दिवशी कळलं होतं. बहिणीने माझ्या पायाला हात लावला. "दादा, तुनं दार बदलाले लावलं म्हून झालं. सगळ्यायले सांगून राह्यली मी." भाऊजींनी पेढा माझ्या तोंडात घातला. तो गिळता गिळता मी ठरवलं की आज नको. आज सांगितलं तर तिला धास्ती बसेल की पोराची नोकरी जाईल. मी स्वतःला असंच सांगितलं, आणि परतीच्या एसटीत ते मला खूप समजूतदारपणाचं वाटलं.

पुढे एकदा आडून प्रयत्न केला. म्हटलं, "बाई, पुढच्या भिंतीत एक खिडकी काढून टाक. उजेड येईल."

"नको दादा. दक्षिनेले खिडकी नको म्हनलं होतं ना तुनं?"

"म्हटलं होतं, पण..."

"मंग? तुहं आयकलं अन् चांगलं झालं. आता काऊन बिघडवाचं?"

माझंच वाक्य तिने माझ्यासमोर दारासारखं लावून घेतलं, आणि मला ते ढकलता आलं नाही. साठ-सत्तर पोरांसमोर ओरडून बोलणारा मी, आणि सख्ख्या बहिणीला 'माझं चुकलं' म्हणायचं सोडून मी एसटीची वेळ विचारायचो. कधी कधी मला तिचाच राग यायचा. इतका कशाला विश्वास ठेवायचा? ऊन दिसत होतं ना तुला? मग भांडली का नाहीस? हा राग किती नालायक होता ते मला कळत होतं, तरी यायचा.

वर्षं अशीच गेली. ती त्या घरात मागे तोंड करून राहिली. बोळातून डुकरं जायची आणि नालीचा वास यायचा. ती दूरदर्शन लावून बसू लागली. फोनवर प्रत्येक वेळी शेवटी तोच विषय यायचा. ताई काल चक्कीवर दिसल्या, बोलल्या नाहीत. ताईंच्या लेकीला मुलगा झाला म्हणे, मला दुसऱ्याकडून कळलं. "मी काय केलं होतं दादा? तू हुशार आहेस, तुले काही समजते का?" मी म्हणायचो, लोकांचं काही सांगता येत नाही.

मग तिचं दुखणं निघालं. वर्ध्याच्या दवाखान्यातून घरी पाठवलं, तेव्हा घरी का पाठवलं ते आम्हा सगळ्यांना समजलं होतं. तिलाही. मी आर्वीला जाऊन राहिलो. एका दुपारी ती म्हणाली, "दादा, ताईले बोलावशीन का? एकदा. मले विचाराचं आहे तिले."

मी निघालो. मागच्या दाराने, बोळातून, चक्कीला वळसा घालून. तो रस्ता मी एवढा बारकाईने कधी चाललो नव्हतो. वाटेत वाक्यं जुळवली. पोचलो तेव्हा ताई दारातच होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या. मी म्हणालो, बहीण बोलावते आहे, फार दिवस नाहीत तिचे. त्यांचे डोळे भरले हे मी पाहिलं. त्या उठल्या, पदर सावरला, चपलेत पाय घातला. उंबरठ्यावर थांबल्या आणि समोरच्या विटांच्या भिंतीकडे पाहून म्हणाल्या,

"कोन्त्या दारानं येऊ, गुर्जी?"

मला सगळं पाठ होतं. मी म्हणालो, "मागून या."

त्यांनी चपलेतून पाय काढला. "मागून मी कोनाच्या घरी जात नाई जी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. रागाने नाही. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं. मी त्या उघड्या दारासमोरून मागे फिरलो आणि वळसा घालून परत आलो. बहिणीला सांगितलं, ताई घरी नाहीत. ती म्हणाली, उद्या जाजो. दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध गेली.

अंत्ययात्रा मागच्या बोळातून निघाली. दुसरी वाटच नव्हती. नंतर चक्कीवाल्याने मला सांगितलं की ताई त्या सकाळी अंघोळ करून, पाण्याचा तांब्या आणि फुलं घेऊन आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, एवढ्यापुरतं तरी गल्लीतून नेतील. आवाज दूर गेल्यावर त्यांनी फुलं त्या बुजवलेल्या दारापाशी, ओट्यावर ठेवली.

तेराव्यानंतर ताईंकडे जाऊन सांगेन म्हणालो. मग दिवाळीनंतर. पुढच्या उन्हाळ्यात ताईही गेल्या. त्यांच्या मुलीने घराला कुलूप लावलं. आता त्या गल्लीत समोरासमोर दोन बंद दारं आहेत, आणि गल्ली अजून तेच कारण सांगते.

कोन्त्या दारानं येऊ, असं त्यांनी विचारलं तेव्हा द्यायचं उत्तर हे होतं:

"ताई, आधी आयका. हे दार तुमच्यामुळे बंद नाही झालं. माह्या बहिणीच्या मनात तसं कधी आलं नाही, तिले तं तुम्ही काऊन बोलत नाही हेच आजपर्यंत समजलं नाही. दार मी बंद करायला लावलं. माह्या मोबाईलच्या कव्हरात चुंबक होतं, दिशा चुकली. तुम्ही हसल्या तेव्हाच मले थांबता आलं असतं, पन मी गुरुजी होतो. चूक मले त्याच उन्हाळ्यात समजली आणि तरी मी गप्प बसलो. तुम्हा दोघींची इतकी वर्षं मी खाल्ली. दार पूर्वेलाच होतं, ताई. तुम्ही बरोबर होत्या. मले माफ करा, आणि कोन्त्याबी दारानं या, पन या. ती वाट पाहून राह्यली आहे."